बेटावरच्या पोरांनो, स्कॉलरशिपचा फॉर्म उघडायच्या आधी हे वाचा

जानेवारी लागला की माझ्या फोनवर मॉरिशसचे मेसेज यायला लागतात. "मावशी, एचएससीचा रिझल्ट येतोय, इंडियाची स्कॉलरशिप कशी भरायची?" माझा या खात्याशी काही संबंध नाही हो, कोथरूडला आमची वरची खोली आहे, तिथे मॉरिशसच्या तीन मुली एकीमागून एक राहून शिकून गेल्या, आणि दुसरीचा आख्खा फॉर्म मी व्हिडिओ कॉलवर रात्री अकरा अकरापर्यंत बसून तिच्याबरोबर भरलाय, तेव्हापासून मी तिकडे स्कॉलरशिपवाली मावशी. दरवेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मॉरिशस का, तर तिथे आपली माणसं आहेत. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर मजूर न्यायला लागले त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडची बरीच होती, त्यांची आजची पिढी घरात क्रेओल बोलते, शाळेत इंग्रजी-फ्रेंच आणि मराठी हा एक विषय, मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. पण खाली लिहिलेलं फिजी, मालदीव, सेशेल्स, त्रिनिदाद, टोंगा कुठल्याही बेटावरच्या पोराला बऱ्यापैकी लागू पडेल.

पहिली गोष्ट पासपोर्ट. मालदीवच्या मालेला किंवा मॉरिशसच्या पोर्ट लुईला नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबं मला विचारतात की आमचा मुलगा इथेच दहावी-बारावी झाला, त्याला चालेल का. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर नाही चालणार. या स्कॉलरशिपा त्या देशाच्या नागरिकांसाठी असतात, तिथे किती वर्षं राहिलात याला काही अर्थ नाही, रेसिडेन्स परमिट दाखवून उपयोग होत नाही. हे आधी बघा म्हणजे महिनाभर फुकट जाणार नाही.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. आपला देश कुठल्या यादीत आहे? अर्ज आपण करायचा की आपल्या सरकारने नाव पाठवायचं? आणि शिकून झाल्यावर परत यायची अट आहे का?

यादीचं जरा नीट सांगते कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. लोकांना वाटतं आपला देश एवढासा, मॉरिशसची आख्खी लोकसंख्या पुणे शहराच्या निम्मी पण नाही, म्हणजे आपल्याला कोणीही मदत करेल. तसं नसतं, देणारा देश लहान-मोठा बघत नाही, उत्पन्न बघतो. श्रीमंत देशांची ओईसीडी म्हणून संघटना आहे, ती मदत कोणाला देता येईल याची यादी ठेवते आणि बऱ्याच स्कॉलरशिपा त्या मदतीच्या पैशातून निघतात. सेशेल्स त्या यादीतून २०१८ ला बाहेर पडलं, कुक आयलंड्स २०२० ला, अँटिग्वा-बार्बुडा २०२२ ला. दुसरी यादी सगळ्यात मागास देशांची, त्यातून मालदीव २०११ ला बाहेर, सामोआ २०१४ ला, वानुआतू २०२० ला. देश श्रीमंत झाला याचा आनंद आहेच, पण पोरांच्या हातून एकेक दार जातं. मॉरिशसची तर गंमतच, जुलै २०२० मध्ये वर्ल्ड बँकेने जास्त उत्पन्नवाल्या देशांत टाकलं आणि कोविडने पर्यटन झोपल्यावर पुढच्याच वर्षी परत खाली आणलं. म्हणून मोठ्या भावाने चार वर्षांपूर्वी भरला होता म्हणून आपण पण भरू असं करू नका, त्या वर्षीचं पात्र देशांचं पान उघडा, आपल्या देशाचं नाव डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा.

आता भारताची स्कॉलरशिप, कारण ऐंशी टक्के मेसेज हिचेच असतात. ही देते आयसीसीआर, १९५० साली मौलाना आझादांनी सुरू केलेली सांस्कृतिक संबंध परिषद. अर्ज आयसीसीआरच्या ए-टू-ए पोर्टलवरच करायचा, कागदावर नाही आणि एजंटकडून तर अजिबात नाही. फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर फोन ठेवून द्या. डिग्री आणि मास्टर्सला वय १८ ते ३०, पीएचडीला ४५ पर्यंत. पाच युनिव्हर्सिट्या पसंतीक्रमाने टाकता येतात. एमबीबीएस यात मिळत नाही, हे दर वर्षी कोणाच्या तरी आईला मला समजावून सांगावं लागतं आणि दर वर्षी ती नाराज होते. इंजिनीअरिंग पाहिजे तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही पाहिजेत.

पाच युनिव्हर्सिट्या टाकताना पोरं काय करतात, पाचही दिल्ली-मुंबईच्या मोठ्या नावाच्या टाकतात आणि पाचही ठिकाणी नाही येतं. युनिव्हर्सिटी स्वतः अर्ज बघते, तिच्याकडे परदेशी मुलांच्या जागा ठरलेल्या असतात. दोन मोठ्या टाका, दोन मधल्या, एक अशी की जिथे नक्की घेतील आणि जायला आपल्याला पण आवडेल. ते "पण" महत्त्वाचं आहे, कारण एकदा ऑफर स्वीकारली की नंतर कोर्स बदला, कॉलेज बदला असलं चालत नाही. कोर्सचं पान उघडून विषय वाचा, आणि तास इंग्रजीत होतात का ते तर ईमेल करून विचाराच, नावात इंग्रजी असलं म्हणून वर्गात इंग्रजी असेलच असं नाही.

युनिव्हर्सिटी हो म्हणाली की तुमच्या देशातला भारतीय दूतावास ऑफर लेटर काढतो, मधे इंग्रजीची एक छोटी टेस्ट पण घेतात. ज्यांच्या बेटावर दूतावासच नाही त्यांनी शेजारचा कुठला ते बघून ठेवा, टोंगा आणि तुवालूचं काम फिजीतल्या सुवामधून चालतं. अशा वेळी ईमेलची वाट बघत बसू नका, फोन करा, नाव सांगा, दर आठवड्याला करा, लाजू नका.

पैसे किती? गेली काही वर्षं महिन्याला डिग्रीला १८ हजार, मास्टर्सला २० हजार, पीएचडीला २२ हजार असा आकडा होता, फी माफ, घरभाड्याचा भत्ता वेगळा. विमानाचं तिकीट स्कीमप्रमाणे बदलतं, ते दूतावासाला आधीच विचारा. आणि मेडिकल इन्शुरन्स लागतो, वर्षाला किमान ५ लाखांचा, तो घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. कोथरूडात १८ हजारात एका मुलीचं भागतं का? भागतं, पण रोज बाहेरून मागवलं तर नाही, आमच्या पहिलीने पहिल्या महिन्यात पावभाजी आणि रिक्षा यात सगळे संपवले आणि उरलेले बारा दिवस माझ्याकडे वरण-भात खाल्ला.

निबंधाबद्दल सांगते, हा माझा आवडता भाग. ५०० शब्दांचा इंग्रजी निबंध असतो. दुसऱ्या मुलीने मला जो पहिला ड्राफ्ट पाठवला त्यात पहिली ओळ होती की भारत ही विविधतेत एकतेची भूमी आहे. मी म्हटलं बाई गं, हे वाचणाऱ्या माणसाला भारत माहितीये, तो भारतातच बसलाय, तू कोण ते सांग. ती म्हणे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मग असंच बोलता बोलता निघालं की ती माहेबूर्गजवळ राहते. २०२० च्या जुलैमध्ये वाकाशियो नावाचं जहाज तिथे प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल समुद्रात यायला लागलं तेव्हा गावातली सगळी माणसं किनाऱ्यावर बसून उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवत होती, तेल अडवायला. ही पण तिच्या आजीबरोबर दोन दिवस सुई-दोरा घेऊन बसली होती, हात कोपरापर्यंत काळे, वास आठवडाभर जात नव्हता. आणि ही मुलगी पर्यावरण शास्त्राला अर्ज करतेय आणि म्हणते सांगण्यासारखं काही नाही! निबंधाची सुरुवात त्या सुई-दोऱ्यापासून केली, मग तेल शोषायला पाचटच का, शास्त्रीय कारण काय हे मला माहिती करून घ्यायचंय, मग पुण्याच्या त्या डिपार्टमेंटमध्ये कोणता पेपर शिकवतात, मग परत जाऊन काय करणार. विविधतेत एकता पूर्ण काढून टाकली. तिला मिळाली. निबंधामुळेच मिळाली असं मी म्हणणार नाही, मार्क पण चांगले होते, पण आता मी सगळ्यांना आधी हेच विचारते की तुझ्या गावात काय झालं ते सांग.

नावाची भानगड. मॉरिशसमध्ये बऱ्याच घरांत पणजोबांचं पहिलं नाव हेच आडनाव झालंय आणि ते फ्रेंच कानाने ऐकून लिहिलंय, म्हणजे बाबाजी असेल तर शेवटी एका कागदावर डबल ई, दुसऱ्यावर आय. आमच्याकडे राहिलेल्या एका मुलीच्या जन्मदाखल्यात एक स्पेलिंग, शाळेच्या सर्टिफिकेटवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरंच, मधलं नाव तर गायब. घरच्यांना त्यात काही वाटत नव्हतं, सगळे तेच म्हणतात म्हणे. कॉम्प्युटर नाही म्हणत तसं. पासपोर्टवर जे आहे तेच फॉर्ममध्ये अक्षर अन् अक्षर टाका, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अॅफिडेव्हिट करून सोबत जोडा. हे काम सुट्टीत करा, शेवटच्या आठवड्यात वकील सापडत नाही. शाळेच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, लागलं तर भारत आणि मॉरिशस दोन्ही त्या करारात आहेत, एका शिक्क्यात काम होतं. बाहेरच्या बोर्डाची बारावी असेल तर इकडे काही युनिव्हर्सिट्या एआययूचं, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेचं, समकक्षतेचं पत्र मागतात, ते पण आधी विचारून ठेवा.

शिफारसपत्राचं बेटावर एक वेगळंच दुखणं आहे, सगळे एकमेकांचे नातेवाईक. हेडमास्तर मामा, क्लास टीचर मावसबहीण. मामाचं पत्र घेऊ नका, आडनाव वेगळं असलं तरी इंटरव्ह्यूत बोलता बोलता निघतंच. ज्याने तुम्हाला एक वर्ष तरी शिकवलंय आणि ज्याला तुमचं एखादं काम आठवतंय असा माणूस बघा, पद लहान असलं तरी चालेल. मंत्र्याचं पत्र आणतात काही जण, त्यात मंत्र्याला तुमच्याबद्दल काय माहिती असणार.

आणि वेळ. एचएससीचा निकाल येतो, फॉर्म उघडतो, आणि नेमका तोच वादळांचा सीझन, नोव्हेंबर ते एप्रिल. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या, आपण टीव्हीवर पाहिलंच असेल. वादळाचा इशारा वरच्या पातळीला गेला की ऑफिसं बंद, लाइट जाते, नेट जातं. पोर्टल काही तुमच्यासाठी थांबत नाही. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख हीच खरी शेवटची तारीख समजा आणि सगळे कागद स्कॅन करून पीडीएफ फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि परदेशातल्या एखाद्या नातेवाईकाकडे ठेवा. आमच्या तिसरीचा फॉर्म शेवटी मी पुण्यातून सबमिट केला कारण तिच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती.

जे लॉरिएट होतात, म्हणजे एचएससीला देशात वरचे नंबर येऊन सरकारची स्कॉलरशिप मिळते, त्यांनी हे सगळं वाचायची गरजच नाही, मजा करा. बाकीच्यांसाठी हेही की मॉरिशसमध्ये सरकारी कॉलेजात पहिली डिग्री २०१९ पासून फी न भरता होते, त्यामुळे डिग्री घरी आणि मास्टर्स बाहेर हा हिशोब मला तरी जास्त पटतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी आता. भारताचा आयटेक प्रोग्रॅम आहे, १९६४ पासून चालू, काही आठवड्यांचे ते काही महिन्यांचे कोर्स, अकाउंट्स, आयटी, शेती, पाणी, बरंच काही. तिकीट, फी, राहणं, हातखर्च सगळं भारत सरकार देतं. वय साधारण २५ ते ४५. इथे दुसरा प्रश्न लागू होतो, अर्ज ऑनलाइन आपणच भरायचा पण तो आपल्या ऑफिसच्या आणि मंत्रालयाच्या सहीने दूतावासात जातो. म्हणजे साहेब रजेवर तर अर्ज पण रजेवर. साहेबांना महिनाभर आधी सांगा आणि कागद स्वतः टेबलाटेबलावर फिरवा. पॅसिफिकवाल्यांसाठी २०२३ ला पोर्ट मोर्सबीच्या परिषदेत पाच वर्षांत १००० आयटेक जागांची घोषणा झाली, सागर अमृत नावाने, फिजी-टोंगाच्या लोकांनी त्याबद्दल नक्की विचारा.

ब्रिटन सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप म्हणजे एक वर्षाचं मास्टर्स. इथे अर्ज आपला आपण, सरकार मधे नाही. कामाचा अनुभव २८०० तास लागतो, लोक आकडा बघूनच घाबरतात, पण आठवड्याला ३५ तास, वर्षाला ४० आठवडे, दोन वर्षं, झाले २८००. पार्टटाइम आणि स्वयंसेवी काम पण धरता येतं, कोर्सचा भाग म्हणून केलेली सक्तीची इंटर्नशिप धरू नका. तीन कोर्स निवडायचे, निबंध नेतृत्व, ओळखी, ब्रिटनच का आणि पुढे काय यावर. फॉर्म ऑगस्टमध्ये उघडतो, ऑक्टोबरकडे बंद होतो. ओळखींच्या निबंधात मोठ्या लोकांची नावं टाकू नका, तुम्ही कोणाला कोणाशी जोडून काय काम करून घेतलं ते लिहा. नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे, तसंच ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्स आणि न्यूझीलंडच्या मानाकी स्कॉलरशिपचं. या दोन्ही मुख्यतः पॅसिफिकच्या बेटांसाठी सोन्यासारख्या आहेत, फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच, फेब्रुवारीत वगैरे उघडतात.

परतीची अट वाचूनच सही करा. त्यात सरकारी नोकरीतून पगारी रजेवर गेलात तर सरकारचा बाँड वेगळा, म्हणजे दोन दोन अटी अंगावर. मधेच लग्न ठरलं, तिकडेच नोकरी लागली, मग पैसे परत करायची वेळ येते आणि जामीन राहिलेल्या काकांचं तोंड बघवत नाही.

ज्यांचं काम समुद्राशी आहे, बंदर, मासेमारी, हवामान, परराष्ट्र खातं, त्यांनी मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा या बघाव्यात, इथे गर्दी कमी आणि बेटावरून आलेला माणूस इथे उपरा नसतो. संयुक्त राष्ट्रांची निप्पॉन फाउंडेशनबरोबरची फेलोशिप, २००४ पासून, समुद्राच्या कायद्यावर, नऊ महिने, वय २५ ते ४०, किनारपट्टीच्या विकसनशील देशांच्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी. स्वीडनच्या माल्मोमध्ये वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे, १९८३ ची, तिथे बऱ्याच मुलांचा खर्च देणगीदार उचलतात. आणि लहान बेटांच्या देशांचा स्वतःचा गट आहे, आओसिस, त्यांची क्लायमेट फेलोशिप, त्यात वर्षभर न्यूयॉर्कला आपल्याच देशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या ऑफिसमध्ये बसून वाटाघाटी शिकता येतात. मी स्वतः पंचवीस वर्षांची आणि मॉरिशसची असते ना तर ही एकच भरली असती.

मिळाली असं धरून चालू. पुण्यात येताना दोन महिन्यांचा खर्च बरोबर आणा, कारण स्टायपेंड बँकेत येतो, बँक खातं उघडायला कागद लागतात, कागद व्हायला वेळ लागतो, आणि खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी. हॉस्टेल मिळत असेल तर पहिलं वर्ष हॉस्टेलच घ्या, खोलीचं नंतर बघा, हे मी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध सांगतेय. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर १४ दिवसांच्या आत एफआरआरओची, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसची, नोंदणी, ऑनलाइनच होते, पण त्याला कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. आमच्या पहिलीचं बोनाफाइड क्लार्कच्या टेबलवर नऊ दिवस पडून होतं आणि आम्ही दोघी तेराव्या दिवशी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून फोनवरून फॉर्म अपलोड करत होतो, घाम फुटला होता. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बोनाफाइड मागा, जेट लॅग गेला खड्ड्यात.

आणि जागा भाड्याने घेताना मालकाला विचारा की सी-फॉर्म (२०२५ च्या नव्या नियमांपासून फॉर्म ३) भरणार का. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायची जबाबदारी घरमालकाची असते, पुष्कळ मालकांना हे माहीतच नसतं किंवा नको ती कटकट म्हणून टाळतात, आणि मग तुमची नोंदणी अडते. नाही म्हणाला तर ती खोली सोडा, कितीही स्वस्त असू दे. माझ्याकडे मुलगी आली की दारात पाण्याचा तांब्या देते, दुसरा हात पासपोर्टसाठी पुढे, बॅगा मग वर न्यायच्या.